आठ महिने मधमाश्यांसोबत: एका गोष्टींच्या संचाचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सात वर्षांच्या लेकीसाठी मधमाश्यांच्या साहसकथांचा चार पुस्तकांचा संच घेतला. मूळ इंग्रजी, मराठीत आणलेला. आठ महिन्यांत चारही पुस्तकं पाच-सहा वेळा वाचून झाली, पहिल्याची शिवणही उसवली.

दुसरं पुस्तक फर्मास आहे. वादळानंतर पोळ्यात मध संपत आलाय आणि एका माशीला लांबवर मोहरीचं शेत सापडतं. ती परत येऊन अंधारात, पोळ्यावरच, नाचून पत्ता सांगते. सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा. त्यापासून जितकी तिरकी धावेल तितकं सूर्यापासून वळायचं, आणि अंग हलवत जितका वेळ धावेल तितकं शेत लांब. शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी हे कोडं सोडवलं आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं, पण गोष्टीत त्याचं अवडंबर नाही.

आमच्या हॉलमध्ये त्याचा खेळ झाला. गॅलरीचं दार म्हणजे सूर्य, कंबरेचा एक झटका म्हणजे एक पाऊल. लेकीने चपलांच्या कपाटामागे शेंगदाण्याचा लाडू लपवला आणि आठ झटके दिले. धाकटा पाच वर्षांचा. त्याने स्वतःची आठ पावलं मोजली आणि सोफ्यापाशीच अडकला. मग पावलं कुणाची धरायची यावर अर्धा तास भांडण. लाडू शेवटी मी खाल्ला.

आता तक्रार. संचाचा नायक ‘तो’ आहे. हा पठ्ठ्या फुलांवरून मकरंद आणतो, पोळ्यावर पहारा देतो, गांधीलमाशीला डंखही मारतो. प्रत्यक्षात ही सगळी कामं कामकरी माश्यांची, आणि त्या साऱ्या माद्या. नर मकरंद गोळा करत नाही, त्याला नांगीच नसते. आपल्या भाषेत मधमाशी ‘ती’च असते, अनुवादात ओढूनताणून ‘तो मधमाशी’ करून ठेवलंय!

मे महिन्यात महाबळेश्वरजवळच्या मांघरला गेलो. २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं हेच. तिथल्या मधपाळ काकांनी सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेटीतली चौकट उचलली, मोठ्या डोळ्यांचा एक जाडसर नर वेचला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला. आधी तिने हात मागे घेतला, मग पुढे केला. ‘याला नांगीच नाही? मग पुस्तकातला कसा डंख मारतो?’ काका म्हणाले, ‘ते पुस्तकवाल्यांना विचार बाळा.’

दुसरी उणीव जास्त गंभीर. गोष्टीतल्या माश्या परदेशी झाडाच्या ढोलीतल्या. आग्या, फुलोरी या आपल्याकडच्या मधमाश्यांचं नावही नाही. आमच्या इमारतीच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं, तेव्हा लेक गच्चीवर ‘मैत्री करायला’ निघाली होती. पुस्तकांनी भीती घालवली हे खरंच, पण आग्या चिडला तर झुंडीने येतो, दूरवर पाठलाग करतो, हे कुठेच लिहिलेलं नाही. भारतीय आवृत्तीत त्यासाठी एक पान हवंच होतं.

तिसरं पुस्तक कंटाळवाणं, राणीच्या राजवाड्यातली कारस्थानं वगैरे. सुटं मिळत असेल तर फक्त दुसरं घ्या. मला मिळालं नाही.