‘सेल्फ गेलो’ म्हणत उकळलेले नऊ हजार

गणपतीला मुंबईहून मालवणात आलेली १२ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. सात दिवस खळ्यात, पावसात उभी. निघायच्या सकाळी चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट, आणि बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम. बोलावलेल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला: "साहेब, सेल्फ गेलो. ईसीएमपण उडालो असतलो, इतके लाईट उगाच लागनत नाय." (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.) चाकरमान्याला दुसऱ्या दिवशी ड्युटी गाठायची असते, हे त्याला पक्कं ठाऊक. संध्याकाळी गाडी चालू करून दिली आणि ९,२०० रुपये घेतले. जुना सेल्फ? "भंगारात गेलो."

दोन आठवड्यांत पुन्हा कट-कट. गाडी वर चढवून पाहिलं तर सेल्फ तोच, वर चंदेरी स्प्रे मारलेला. घाई इतकी की रंग स्टिकरवर आणि बोल्टच्या डोक्यांवरही उडालेला. ईसीएमच्या स्क्रूंवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. खरा दोष बॅटरीच्या काळ्या टोकापासून बॉडी आणि गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत होता. खाऱ्या हवेनं ती आवरणाखाली हिरवी पडून भुगा झाली होती. त्या दिवशी गाडी सुरू झाली ती बॅटरी चार्ज केल्यामुळे आणि टर्मिनल आवळल्यामुळे.

आवाजावरूनच बरंच कळतं. सेल्फवरचा विजेचा स्विच, म्हणजे सोलेनॉइड, ओढला जातो, सेल्फ शंभराच्या वर अँपिअर मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढतो, तेच कट-कट. म्हणजे करंट पोचत नाही. दिवे लख्ख आणि एकच जड ‘टक्’ असेल तर सेल्फवर किंवा त्याच्या कार्बनवर (मोटरच्या आत करंट पोचवणाऱ्या ब्रशवर) संशय घ्यायला जागा आहे. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर सेल्फचा संबंधच नाही. तिथं इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या चावीच्या कुलपाचा) दिवा, फ्युएल पंप, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) बघायचा.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग खराब. या गाडीत दोनच्या वर आलं. हे एवढं मोजायला दोन मिनिटं लागतात, म्हणून तर ते कुणी करून दाखवत नाही. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ हवं, तेरापेक्षा कमी असेल तर बेल्ट किंवा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर.

दिव्यांची जत्रा बघून घाबरू नका. व्होल्टेज पडलं की एबीएस आणि स्टिअरिंगचे मॉड्यूल आधी ओरडतात. दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०५६२ (व्होल्टेज कमी) किंवा ‘यू’पासून सुरू होणारे (मॉड्यूलमधला संपर्क तुटल्याचे) कोड येतात. ईसीएम मेल्याचा तो पुरावा नव्हे. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या. इंजिन चालू असताना लाल ऑइलचा दिवा लागला तर मात्र वाद न घालता गाडी बंद.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड घालवायला १० नंबरचा पाना, गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना ब्रश. काळी वायर आधी काढायची, शेवटी लावायची. कोरडं करून पॉलिश पेपर, आवळल्यावर वरून व्हॅसलीन.

गाडी गॅरेजमध्ये सोडण्यापूर्वी सेल्फच्या बॉडीवर, सहज दिसणार नाही अशा जागी, नेलपॉलिशचा ठिपका द्या. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. "भंगारात गेलो" असं उत्तर आलं, तर तिथंच वाकून ठिपका शोधा.