रेव्ह 22 दाखवले, रेव्ह 13 गळ्यात मारले

वापरलेल्या सर्व्हरच्या बाजारात फोटो एका मालाचा आणि खोक्यात दुसराच माल, हे कुणाला नवीन नाही. तरीही लिनक्सवर अकरा वर्षे काम केलेला मी 40,350 रुपयांना फसलो, हे लिहिताना लाज वाटते. दोन झिऑन प्रोसेसर, 48 जीबी रॅम आणि इंटेल 5520 चिपसेटचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड यांचे 38,500, कुरिअरचे 1,850. 2009 सालचा चिपसेट घेतलाच कशाला, असे विचारणाऱ्यांनी नव्या दोन प्रोसेसरच्या सर्व्हरची किंमत एकदा पाहून यावी.

मला केव्हीएमवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर, नेटवर्क कार्ड थेट अशा एका आभासी संगणकाला (व्हर्च्युअल मशीनला) जोडायचे होते. त्यासाठी इंटरप्ट रीमॅपिंग, म्हणजे कार्डाचे प्रोसेसरला जाणारे इशारे तपासून योग्य मशीनकडेच वळवणारी सोय, लागते, आणि 5520 च्या रेव्ह 13 (रेव्ह म्हणजे चिपची आवृत्ती) मध्ये तेच सदोष असल्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) 3.10 पासून लिनक्स ती सोय स्वतःहून बंद करतो. रेव्ह 22 मध्ये तो दोष नाही. हे ठाऊक होते म्हणूनच 10,000 आगाऊ देण्यापूर्वी मी एलएसपीसीआयचा, म्हणजे बोर्डावरच्या चिपांची यादी दाखवणाऱ्या लिनक्स आज्ञेच्या पडद्याचा, फोटो मागवला. त्यात ‘रेव्ह 22’ स्पष्ट होते. मात्र चार ओळी खाली नेटवर्क कंट्रोलर भलत्याच कंपनीचा होता. जाहिरातीतल्या बोर्डावर इंटेलचा होता. ती ओळ मी वाचली होती. वाचली, आणि ‘वेगळे कार्ड लावले असेल’ ही सबब विक्रेत्याने न मागताच मीच त्याला पुरवली! अनुक्रमांकाचे लेबल आणि चालू पडदा एकाच अखंड व्हिडिओत मागा. नुसत्या फोटोवर एक रुपयाही पाठवू नका.

आलेला बोर्ड रेव्ह 13 निघाला. कर्नलच्या संदेशात बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या असेही म्हटलेले असते, आणि विक्रेत्याने नेमके तेच धरले. बायोस बदलून चिपमधला दोष जात नाही, हे मी सांगत राहिलो, आणि ‘बायोस पाठवतो, सर’ यातच सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी संपली. रीमॅपिंगशिवायच्या असुरक्षित इंटरप्टना परवानगी देऊन काम भागवता आले असते. पण ग्राहकांची मशीन ज्यावर चालणार, तिथे मी तो धोका पत्करणार नाही. शेवटी ‘लिनक्स फुकटचे, विंडोज टाका’ असे ऐकवून त्याने फोन घेणे बंद केले.

पोलीस चौकीवर ‘बोर्ड चालू होतो ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळाले. सायबर विभागाने माल पोहोचल्याचे कारण सांगून पुन्हा चौकीकडे धाडले. ग्राहक मदत केंद्राने पक्के बिल मागितले. माझ्याकडे कच्चे होते, आणि 18 टक्के वाचवण्याचा मोह माझाच होता, हे कबूल. पुढे ‘व्यापारी प्रयोजन’ म्हणून तक्रार बाजूला सारली, जणू 2019 च्या ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारासाठीच्या खरेदीला संरक्षण नाहीच. तीन कार्यालये, पाच खेपा, आणि रेव्ह म्हणजे काय हे विचारणारा एकही माणूस भेटला नाही.

चौकीतून मिळालेल्या पोचपावतीवर वस्तूच्या रकान्यात ‘संगणकाची पेटी, चालू स्थितीत’ असे लिहिले आहे.