गच्चीवर काय लावायचं: डाळिंबं, ओम की बराका?

मे महिन्यात जळगावात रात्री दहापर्यंत गच्ची तापलेलीच असते. तिच्यावर पाणी मारायचं, चादर ताणायची, प्रोजेक्टर जोडायचा, शेजारपाजारचे दहा-बारा जण गोळा करायचे. एवढं करून अर्ध्या तासात कुणी "भो, यात झालं काय?" विचारलं की आपलं तोंड बघण्यासारखं होतं. तरीही डोळे सुखावणारा, पण गोष्टीचा पत्ता नसलेला सिनेमा दाखवायचाच असेल, तर मी या तिघांतून निवडेन.

सर्गेई पाराजानोव्हचा 'द कलर ऑफ पॉमेग्रेनेट्स' (१९६९) म्हणायला सायत नोवा या अठराव्या शतकातल्या आर्मेनियन कवीचं चरित्र. प्रत्यक्षात कॅमेरा जवळपास हलतच नाही. पांढऱ्या कापडावर डाळिंबाचा लाल रस पसरत जातो, छपरावर वाळत घातलेल्या ग्रंथांची पानं वाऱ्यानं फडफडतात. तरुण कवी आणि त्याची प्रेयसी, दोन्ही कामं सोफिको चिआउरेली या एकाच नटीची. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर गोंधळ ठरलेला. चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हा सिनेमा परका वाटणार नाही. चार वस्तू नेमक्या मांडायच्या आणि त्यातून अख्खं जग उभं करायचं, ही तीच हौस. आणि अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात तरी जातककथा कुठे ओळीनं सांगितल्यात? एकाच भिंतीवर तीच माणसं पुन्हापुन्हा दिसतात, प्रसंग काळाच्या क्रमानं लागत नाहीत. तिथे आपण मान वर करून निमूट बघतो, पडद्यापुढे बसलो की मात्र लगेच कथा मागतो. अर्थात मठातल्या भागात मीही दोनदा घड्याळ पाहिलं. जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे म्हणून निभावतं. हा एकट्यानं, दार लावून बघायचा.

कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) अजमेर-पुष्करचा. हिंदीत आहे, त्यामुळे खालच्या ओळी वाचाव्या लागत नाहीत, आणि तरी तिघांत सगळ्यात कमी कळतो तो हाच. बेडूक, हिरे, श्वास रोखून धरणारा पोरगा. बनल्यावर थेट २०१४ साली थिएटरात लागला. देखणेपणात तो मागे आहे. मजा कानाला येते, शब्दांच्या उलट्यापालट्या कोट्यांत. कॉलेजची पोरं असतील तर बिनधास्त लावा, घरच्यांपुढे नको.

उरला रॉन फ्रिकचा 'बराका' (१९९२). ७० मिलिमीटर फिल्मवर २४ देशांत चित्रित केलेला. ना संवाद, ना निवेदन. इथे कथा नाही हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं, म्हणून कुणी ती मागतही नाही. गरम झऱ्यात डुलक्या घेणारं जपानी माकड आलं की लहान पोरंसुद्धा गप्प होतात. पाराजानोव्हची खोली यात नाही. काही ठिकाणी तर हा पर्यटनाच्या महागड्या कॅलेंडरसारखा वाटतो. शिवाय स्वस्त प्रोजेक्टरवर आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात याचं निम्मं वैभव धुऊन जातं, तेव्हा आवाजाची सोय तरी चांगली करा.

तरी गच्चीसाठी माझं मत बराकालाच. फक्त जेवणं आधी उरकून घ्या. यंत्राच्या पट्ट्यावरून कोंबडीची पिल्लं भराभर फेकली जातात तो प्रसंग पाहिल्यावर आमच्याकडे अंडाकरीचं पातेलं तसंच राहिलं होतं.