ऑर्गन बाथचं सॉफ्टवेअर: स्नायू झकास, नर्व्हचा घोळ

सहा महिने झाले ऑर्गन बाथचं (अवयवाचा तुकडा द्रावणात लटकवून त्यावर औषधांचा परिणाम बघायचं भांडं) हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर वापरतेय, फार्मकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी घेतलं होतं. नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे थोडं सुनवायचंय. स्क्रीनवर गिनीपिगच्या इलियमचा, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा तुकडा टायरोड नावाच्या क्षारांच्या द्रावणात लटकलेला दिसतो, औषध टाका की आकुंचन दाखवणारी रेघ वर चढते, वॉशचं बटण दाबा की खाली येते. प्राणी मारावा लागत नाही, मला तर तेवढ्यासाठीच पैसे वसूल वाटले.

आधी चांगलं सांगते. असिटिलकोलीन, म्हणजे नर्व्हमधून सुटून स्नायूला आकसवणारं रसायन, त्याचा डोस दुप्पट दुप्पट करत गेलात की रेघ कशी चढते आणि वर जाऊन कशी थांबते ते मस्त दिसतं. मग ॲट्रोपिन टाकून तोच डोस द्या, काहीच नाही, पण हिस्टामिन दिलं की टुणकन वर! म्हणजे मस्करिनिक रिसेप्टर (पेशीवरची असिटिलकोलीन पकडणारी जागा) बंद आणि हिस्टामिनचा एच १ शाबूत, दोन्ही स्नायूवरच बसलेले. रॅटचं आतडं लावलं तर हिस्टामिनला जवळपास ढिम्म, हेही बरोबर धरलंय. सशाचं जेजुनम काही न टाकताच आपलं झुलत बसतं, मी पहिल्या दिवशी नुसतं तेच बघत बसले होते.

सगळ्यात भारी निकोटिनचा भाग. निकोटिनने आतडं आकसतं आणि ॲट्रोपिनने ते थांबतं, म्हणून वाटतं की हा पण स्नायूवरच्या मस्करिनिक रिसेप्टरचाच खेळ, पण हेक्सामेथोनियम हे दुसरं अडवणारं औषध टाकून बघा, त्यानेही थांबतं, आणि तेच बाथमध्ये असताना असिटिलकोलीन दिलं तर स्नायू आरामात आकसतो. म्हणजे निकोटिनचा रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतल्या नर्व्हच्या पेशींवर, तिथून असिटिलकोलीन सुटतं आणि पुढचं काम ते करतं. लेक्चरला तीनदा ऐकून कळलं नव्हतं ते इथे पाच मिनिटांत डोक्यात शिरलं.

आता तक्रार. मॉर्फिन टाकलं की ह्यांच्या ग्राफमध्ये बाहेरून दिलेल्या असिटिलकोलीनचा रिस्पॉन्सही अर्धा होतो. अहो, मॉर्फिनचे म्यू रिसेप्टर इथे नर्व्हवर असतात, ते नर्व्हमधून असिटिलकोलीन सुटणं कमी करतात, त्यामुळे नर्व्हला करंट देऊन येणारे आकुंचनाचे झटके लहान होतात, बाहेरून ओतलेल्याला नर्व्ह लागतेच कुठे? मी भोळेपणाने तो ग्राफ जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत उतरवला, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारलं रिसेप्टर कुठे, मी ठासून सांगितलं स्नायूवर. पुढचं सांगत नाही.

सेरोटोनिनचंही तसंच, एकच रिसेप्टर धरून मोकळे झालेत. गॅडम आणि पिकारेली यांनी १९५७ मध्ये ह्याच गिनीपिगच्या इलियमवर दोन प्रकार दाखवले होते, डायबेन्झिलीन या औषधाने अडतो तो डी, स्नायूवरचा, आणि मॉर्फिनने अडतो तो एम, नर्व्हवरचा. आताच्या नावांनी (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच) डी म्हणजे ५-एचटी २ आणि एम म्हणजे ५-एचटी ३. इतकी जुनी गोष्ट घालायला काय हरकत होती? बरं, खरंखोटं करावं म्हटलं तर औषधांच्या यादीत टेट्रोडोटॉक्सिनच नाही. ते नर्व्हमधले सिग्नल बंद करतं, त्यानंतरही आकुंचन आलं तर स्नायू, गेलं तर नर्व्ह, इतकी सरळ टेस्ट, पण बाटलीच नाही म्हटल्यावर करणार काय.

सोबतच्या पीडीएफमध्ये आतड्याच्या स्नायूवर मस्करिनिक रिसेप्टरांपैकी एम ३ प्रकारचे (सेरोटोनिनच्या एमशी ह्याचा संबंध नाही) सर्वात जास्त असतात असं छापलंय. संख्येने एम २ कितीतरी जास्त असतात, आकुंचनाचं मुख्य काम एम ३ करतात एवढंच. दोनदा मेल केला, दोन्ही वेळा आपोआप जाणारं उत्तर आलं.

५ पैकी ३ स्टार. असिटिलकोलीन, हिस्टामिन, निकोटिन बिनधास्त करा, मॉर्फिनचा ग्राफ मात्र जर्नलमध्ये चिकटवू नका.