जुन्या वेब सर्व्हिसशी गाठ पडली तर झीप घ्या

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात मी आयटी सांभाळते. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरची माहिती परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरवरून आणायची, हे माझं रोजचं काम. त्यातले काही सर्व्हर अजूनही सोपवरच चालतात, म्हणजे एक्सएमएल (टॅग लावून माहिती मांडायचा साचा) मध्ये निरोप पाठवायच्या जुन्या पद्धतीवर. समोरून फक्त डब्ल्यूएसडीएलची लिंक येते: सर्व्हिसला काय लागतं आणि ती काय देते, हे एक्सएमएलमध्ये मांडलेलं. त्यावरून रिक्वेस्ट पाठवणारा कोड आपण उभा करायचा.

पायथनमध्ये त्यासाठी झीप ही ओपन सोर्स लायब्ररी मी मनापासून सुचवेन. टर्मिनलवर ‘पायथन -एम झीप’ लिहून पुढे लिंक टाका; सगळी ऑपरेशन्स, त्यांची फील्ड, उत्तराचा प्रकार, सगळं समोर येतं. कोड लिहायच्या आधीच सर्व्हिस समजते, ही सोय मला फार मोलाची वाटते. मग क्लायंट, म्हणजे सर्व्हिसशी बोलणारा ऑब्जेक्ट, बनवला की डब्ल्यूएसडीएलमधलं ऑपरेशन साध्या फंक्शनसारखं वापरायचं. पायथनची तारीख दिली की झीप ती एक्सएमएलच्या साच्यात बसवतं. स्कीमात (कुठल्या फील्डमध्ये काय असावं याच्या नियमांत) डेसिमल, म्हणजे नेमका दशांश, असलेला आकडा डेसिमल म्हणूनच परत मिळतो. मालाच्या किमतीवर ड्यूटी लागते, तिथे फ्लोटची (अंदाजे साठवलेल्या दशांशाची) बारीक चूकही चालत नाही.

‘क्रिएट मेसेज’ने रिक्वेस्ट न पाठवता तिचं एक्सएमएल बघता येतं, आणि हिस्टरी प्लगइन शेवटचं गेलेलं-आलेलं जपून ठेवतं. समोरची टीम ‘तुमचीच रिक्वेस्ट चुकली’ म्हणाली, तर दाखवायला पुरावा असतो.

खटकतं ते एडिटरमध्ये. झीप कोडची फाइल तयार करत नाही, सगळं प्रोग्रॅम चालू असताना घडतं, त्यामुळे ऑपरेशनची नावं आपोआप सुचत नाहीत. स्कीमात ‘चॉइस’ (दिलेल्या पर्यायांतून निवड) असला तर कधीकधी ‘_व्हॅल्यू_१’ असलं काहीतरी नाव पुढ्यात येतं. नवख्याला त्यातून काय कळणार?

एक्सएमएल स्कीमाप्रमाणे नसलं की एरर येते. तेव्हा लगेच ‘स्ट्रिक्ट’ हे काटेकोर तपासणीचं सेटिंग बंद करू नका. त्यात डेटा गळू शकतो, असं झीपचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. आधी समोरच्यांकडून स्कीमा दुरुस्त करून मागा. आणि प्रत्येक कॉलला नवा क्लायंट बनवू नका, दर वेळी सगळं डब्ल्यूएसडीएल पुन्हा वाचलं जातं. एकदा बनवा, तोच वापरा, सोबत एसक्यूलाइट कॅश (आणलेलं डब्ल्यूएसडीएल छोट्या डेटाबेसमध्ये जपून ठेवणारी सोय) जोडा.