ग्रानादाच्या पारादोरमधील बनावट आरक्षण

स्पेनमध्ये जुने किल्ले, मठ आणि सरदारांचे वाडे यांत सरकारी मालकीची कंपनी चालवत असलेली हॉटेले ‘पारादोर’ या नावाने ओळखली जातात. त्यांतील पहिले १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगराळ भागात सुरू झाले. दक्षिणेत कार्मोना, रोंदा आणि उबेदा येथेही ती आहेत, परंतु ग्रानादाच्या पारादोरची ओढ वेगळीच असते, कारण ते अल्हाम्ब्राच्या, म्हणजे मुस्लिम राजवटीतील प्रसिद्ध किल्ला व राजवाडे असलेल्या संकुलाच्या तटबंदीच्या आत, सान फ्रान्सिस्कोच्या जुन्या मठात आहे. कॅस्टिलची राणी इसाबेल हिचे दफन प्रथम याच मठात झाले होते आणि १५२१ मध्ये तिचे अवशेष शहरातील राजघराण्याच्या चॅपेलमध्ये हलवण्यात आले. खोल्या जेमतेम चाळीसच्या आसपास असल्यामुळे हंगामात त्या फार आधीच भरतात, आणि आम्हा पतिपत्नींना फसवणाऱ्यांनी नेमका याच टंचाईचा फायदा घेतला.

पारादोरच्या अधिकृत संकेतस्थळावर आमच्या तारखांना खोली शिल्लक नव्हती. त्याच तारखांना एक मध्यस्थ संकेतस्थळ, जे शोधताना जाहिरात म्हणून सर्वांत वर येत होते, मठाच्या अंगणाची छायाचित्रे लावून ‘शेवटची खोली’ विकत होते. दर स्वस्त नव्हता, उलट नेहमीपेक्षा चढाच होता. या फसवणुकीतील सर्वांत धूर्त भाग मला हाच वाटतो, कारण स्वस्ताई पाहून मनात येणारी शंका इथे येतच नाही. पूर्ण रक्कम क्रेडिट कार्डावरून आगाऊ घेतली गेली आणि व्यवहार परदेशी असल्याने ओटीपीही आला नाही. आरक्षण क्रमांक असलेले पत्र आम्ही व्हिसाच्या अर्जाला जोडले होते. व्हिसा मिळाल्यावर ते खरे असल्याची खात्रीच पटली, परंतु व्हिसा मिळाला म्हणजे कोणी हॉटेलकडे चौकशी केली असे होत नाही.

पारादोरच्या स्वागतकक्षात आमच्या नावाची नोंदच नव्हती आणि तो क्रमांकही त्यांच्या पद्धतीचा नव्हता. हॉटेल भरलेले होते. याच विक्रेत्याने अल्हाम्ब्रातील नासरी राजवाड्यांची तिकिटेही वेगळे पैसे घेऊन ‘समाविष्ट’ केली होती. वास्तविक ती तिकिटे व्यक्तीच्या नावाने निघतात, त्यांसाठी ओळखपत्राचा तपशील लागतो आणि प्रवेशाची वेळ ठरलेली असते; आमच्याकडे पासपोर्ट क्रमांक कोणी मागितलाच नव्हता. पारादोरमध्ये मुक्काम केला म्हणून राजवाड्यांत प्रवेश मिळत नाही, हेही जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

स्वागतकक्षातील बाईंनी ‘या नावाचे कोणतेही आरक्षण आमच्याकडे नाही’ असे हॉटेलच्या कागदावर लिहून, शिक्का मारून दिले. त्यांचे आभार मानावेत तितके थोडे आहेत. राष्ट्रीय पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रतही आम्ही सोबत आणली. भारतातील बँकेने चार्जबॅकसाठी, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम बँकेमार्फत परत मिळवण्यासाठी, हीच दोन कागदपत्रे ग्राह्य धरली. केवळ ईमेलच्या प्रती त्यांना पुरेशा वाटल्या नव्हत्या. चार्जबॅकला मुदत असते, म्हणून मध्यस्थामार्फत खोली घेतली असेल तर पैसे भरल्यावर लगेच हॉटेलच्या स्वतःच्या क्रमांकावर फोन करून आपले नाव नोंदीत आहे का ते विचारावे. प्रवासाच्या दिवसापर्यंत थांबल्यास ही मुदत उलटून गेलेली असू शकते.

खोलीची रक्कम आम्हाला परत मिळाली. तिकिटांची रक्कम वेगळ्या व्यवहारात कापली गेली होती आणि तिचा दावा बँकेत अजून प्रलंबित आहे.