'कंपनीचा माणूस' : एक तारा, कारण शून्य देता येत नाही

सेवा : घरी येऊन वॉशिंग मशीन दुरुस्ती. ठिकाण : डोंबिवली पूर्व. व्हिजिट चार्ज 350 रुपये.

धाकट्या बहिणीचं फ्रंट लोड मशीन पाणी सोडेना. तिनं मोबाइलवर कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर' टाकलं, सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. 1800 ने सुरू होणारा. पण 1800 चा नंबर पैसे भरून कुठलाही धंदेवाला घेऊ शकतो, हे किती जणांना ठाऊक असतं? पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली. पत्ता घेतला, मॉडेल विचारलं, खरेदीची तारीख मात्र विचारली नाही. मला तिथेच खटकलं, कारण वॉरंटी आहे की नाही हा कंपनीचा पहिला प्रश्न असतो.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून निवृत्त झालोय. कुणी पाना हातात घेतला की मी खुर्ची ओढून बसतोच. दुरुस्तीवाला मुलगा वेळेवर आला, चपला बाहेर काढल्या, हे त्याचं श्रेय. मशीन चालू केलं, डिस्प्लेवरचा एरर बघितला आणि निकाल दिला, "काका, पीसीबी गेलाय. 4800 होतील, ओरिजिनल टाकतो." पीसीबी म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. ना मल्टिमीटर बाहेर काढला, ना मागचं झाकण उघडलं.

"बाळा, आधी खालचा फिल्टर काढ."

"त्याचा काही संबंध नाही, काका."

मग मीच खाली परात सरकवली, कोपऱ्यातली झडप उघडून फिल्टर फिरवला. काळं पाणी, केसांची पिन, शर्टाचं बटण आणि एक रुपयाचं नाणं. ड्रेन पंपाचा पंखा मोकळा झाला आणि पाणी धो-धो गेलं. पीसीबी ठणठणीत!

आयकार्ड मागितल्यावर "आमचं कंपनीशी टायअप आहे". त्यांची वेबसाइट उघडली. वर कंपनीचंच नाव, कंपनीचाच रंग. पार तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, की आम्ही स्वतंत्र सेवा देतो, ब्रँडची नावं केवळ माहितीसाठी. बिलावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. मशीन वॉरंटीत होतं. यानं बोर्डाला हात लावला असता तर कंपनीनं नंतर हात वर केले असते.

बाहेरच्या मिस्त्रीबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या नाक्यावरचा एक जण स्वतःच्या नावाच्या पाटीखाली मिक्सर, पंखे उत्तम दुरुस्त करतो. दुसऱ्याचं नाव लावून दारात यायचं, हा भामटेपणा झाला. आणि जाहिरातीचे पैसे घेऊन त्याला सगळ्यात वर बसवणारं सर्च इंजिनही काही साळसूद नाही. 'प्रायोजित' हा शब्द इतका बारीक, की चाळिशी लागलेल्याला दिसूच नये.

हीच युक्ती बँकेच्या किंवा रिफंडच्या नावानं झाली, की नुसत्या व्हिजिट चार्जवर भागत नाही. तिथे मोबाइलवर एनीडेस्कसारखं, आपली स्क्रीन समोरच्याला दाखवणारं ॲप टाकायला लावतात. रिझर्व्ह बँकेनं 2019 मध्येच त्याबद्दल बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 ला, लगेच फोन करायचा.

बहिणीला खरा नंबर मशीनच्याच वॉरंटी कार्डावर मिळाला. 350 रुपयांसाठी तिनं ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांतून मी त्या जाहिरातीचीही तक्रार केली.